ताईची शेवटची नायिका

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणाऱ्या त्या माणसाला घरात ‘डायरेक्टर’ म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा टवाळीच जास्त होती. त्याचे सिनेमे व्हिडिओ गेममध्ये घडत. एक कंट्रोलर त्याच्या हातात, दुसरा अंथरुणाला खिळलेल्या ताईच्या. ताई नायिकेला चालवायची. त्याचं पात्र सिनेमात कधी दिसायचं नाही, कारण त्या पात्राला जे दिसे तेच तो रेकॉर्ड करी. कॅमेरा म्हणजे तोच. अकरा सिनेमे झाले. बघणारे मोजून तीस-चाळीस, त्यातले निम्मे नातेवाईक. हे वेडच होतं, पण त्या दोघांच्या आयुष्यात दुसरं होतं तरी काय? "चाळिशी आली तरी खेळणी सुटत नाहीत," असं भावोजी म्हणायचे, आणि ताईच्या पाठीला उशी लावून द्यायचेही तेच.

बाराव्या सिनेमाचा शेवटचा प्रसंग उरला होता. पिवळ्या घरासमोर नायिका गुडघ्यांवर बसली, तिने मान वळवली, आणि ताई म्हणाली, "दमले रे. उरलेलं रविवारी करू." त्याने गेम तसाच सेव्ह केला. गुरुवारी ताई गेली.

तीन महिने त्याने गेमला हात लावला नाही. ताईने सोडली तिथेच नायिका बसून होती. तिला जराही न हलवता चहूबाजूंनी टिपायचं आणि सिनेमा पुरा करायचा, असं त्याने मनाशी ठरवलं. त्या दुपारी भावोजी आपणहून खुर्ची ओढून शेजारी बसले.

"आधी फ्रेम बघतो, मग रेकॉर्डिंग," तो म्हणाला. अख्खं घर मावावं म्हणून तो गेममध्ये उलट्या पावलांनी मागे सरकत गेला. अशा वेळी "मागे दार आहे, आंधळ्या!" म्हणून ओरडायला ताई असायची. आज कुणीच ओरडलं नाही, आणि त्याचं पात्र पाठीमागच्या दुकानात शिरलं. दार ओलांडलं की तो गेम आधीचं पुसून नव्याने सेव्ह व्हायचा, आणि जोडीदाराच्या पात्रालाही तिथेच आणून उभं करायचा.

नायिका त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. ताठ, हात सोडून, कुणाच्याही गेममध्ये असते तशी. त्याने कंट्रोलर खाली ठेवला.

"ही इकडे कशी आली?" भावोजींनी विचारलं. "ने की परत, बसव तिथे."

"बसवता येईल, भावोजी. पण मग ती मी बसवलेली असेल."

भावोजींना समजायला थोडा वेळ लागला.

"एवढंसुद्धा जमलं नाही तुला?" ते म्हणाले आणि त्यांचा बांध फुटला. "तिचं हे खेळणं मी कधी नीट बघितलंच नव्हतं रे. आज पहिल्यांदा बघायला बसलो होतो."