आम्हाला काही कमी नाही

'आपल्याला मदतीची गरज का आहे, थोडक्यात लिहा,' असं फॉर्ममध्ये विचारलं होतं. तेवढ्यावरून आमच्या घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही.

कोलकात्याचं सांडपाणी शहराच्या पूर्वेला ज्या तळ्यांत जातं आणि जिथं त्याच्यावरच मासे पोसतात, त्या तळ्यांवर मी चार वर्षं संशोधन करत होते. बाबा त्याला 'गटारातले मासे' म्हणत. त्यावरचा माझा पेपर युरोपातल्या एका पर्यावरण परिषदेनं स्वीकारला. प्रवासखर्च माझ्या शिष्यवृत्तीत बसणं शक्य नव्हतं. आमच्यासारख्या देशांतल्या नवख्या संशोधकांसाठी परिषदेचा निधी होता. तो मिळाला तर जाणार, नाहीतर नाही. मला जायचंच होतं. तिथल्या ट्रामचे थांबेसुद्धा मी पाठ करून ठेवले होते.

मी लिहिलं, 'वडील निवृत्त आहेत. घर त्यांच्या पेन्शनवर चालतं.' बाबा बँकेत अधिकारी होते, बदल्या होत होत कोलकात्यात निवृत्त झाले आणि इथंच राहिले. घरातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या लाल पेनाखालून जातो, अगदी गॅसची तक्रारसुद्धा. त्यांनी माझी दोन्ही वाक्यं खोडली.

"परक्यांपुढं रडगाणं गायचं नाही," म्हणाले आणि स्वतः लिहिलं, 'कुटुंब खर्च करण्यास समर्थ आहे. तरीही मदत मिळाल्यास आभारी राहू.' आईनं त्याआधी 'देवाच्या कृपेनं' घालायला लावलं.

सॉल्ट लेकच्या आमच्या संशोधन संस्थेत माझ्या बंगाली मार्गदर्शक सरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "ये अर्ज़ी है? लगता है, तुम ही उनको पूजा का चंदा दे रही हो." मग त्यांनी एक मजकूर सांगितला आणि मी तो टाइप केला. करता करता मलाच माझी दया आली.

बाबांचा मजकूर 'फायनल' नावानं ठेवला होता, सरांचा 'फायनल फायनल' नावानं. शेवटच्या दिवशी एस्प्लनेडला मेट्रो बदलताना, पाठीला कुणाची तरी मिठाईची पिशवी टेकलेली असताना, मी फोनवरून अर्ज पाठवला. कुठला पाठवला, ते उत्तर आल्यावर कळलं.

उत्तर फार सभ्य होतं. आपलं कुटुंब समर्थ आहे हे वाचून आनंद झाला, त्यामुळे निधी अधिक गरजूंना दिला आहे, आपण स्वखर्चानं अवश्य यावं.

फाइल चुकवली मी, पण राग बाबांवर काढला. "तुमच्या त्या एका वाक्यानं माझी चार वर्षं पाण्यात गेली," मी म्हणाले. त्यांनी ते पत्र छापून आणायला लावलं आणि लाल पेन हातात धरून वाचलं. खूण मात्र कुठंच केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत जाऊन गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव मोडून आले.

"अहो, आणि गुडघा?" आईनं विचारलं.

"आपण लेखी दिलंय," बाबा म्हणाले.

मी नको नको म्हणत होते आणि मनातून हरखलेही होते. त्याची मला अजून लाज वाटते.

विमानतळावर ते काठी टेकत दारापर्यंत आले. "पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भर," म्हणाले. "तुला हवं ते लिही, मी खोडणार नाही. आता ते खरं आहे."