चौदा नंबरचा निकाल

माणूस ओळखायला उभा जन्म जातो म्हणतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कर्नलसाहेबांना पाच दिवस पुरतात. चार दिवस बघायचं, पाचव्या दिवशी निकाल. लष्कराच्या अकादमीत कोणाला घ्यायचं आणि कोणाच्या हातात परतीचं तिकीट द्यायचं, हे ठरवणाऱ्या निवड मंडळावर त्यांनी नोकरीची शेवटची वर्षं काढली. मग ते निवृत्त होऊन कोथरूडला आमच्या सोसायटीत राहायला आले, पण मंडळ काही निवृत्त झालं नाही. ते सामानाबरोबर टेम्पोतून आलं.

त्या मंडळात म्हणे उमेदवाराला नाव नसतं, छातीवर नंबर असतो. साहेबांनी तीच पद्धत आमच्या जिन्यात सुरू केली. ज्या क्रमाने ओळख झाली तो नंबर. दूधवाला तीन, सोसायटीचे चेअरमन नऊ, मी चौदा. आपला नंबर दूधवाल्याच्या मागे का, हे दुःख चेअरमनना अजून आहे. त्यांनी एकदा तसं बोलून दाखवलं, तर साहेब म्हणाले, "तो सकाळी सहाला भेटला. तुम्ही नऊपर्यंत झोपला होतात."

पण खरी गंमत तिघांच्या नियमाची. मंडळात उमेदवाराला तीन जण तपासतात. एक मुलाखत घेतो, दुसरा पुसट चित्रं दाखवून त्यांवर गोष्टी लिहून घेतो आणि त्याचं मन वाचतो, तिसरा मैदानावर दोर आणि फळ्या देऊन तो चार माणसांत कसा वागतो ते बघतो. आणि या तिघांनी शेवटच्या दिवसापर्यंत त्या उमेदवाराबद्दल आपसांत अवाक्षर काढायचं नाही, म्हणजे एकाचं मत दुसऱ्याला चिकटत नाही. साहेबांच्या घरच्या मंडळात मुलाखत स्वतः साहेबांकडे, मन काकूंकडे आणि मैदान आमचे वॉचमन वानखडे यांच्याकडे. अंगणात झाड कुठलं लावायचं इथपासून सगळे प्रश्न या तिघांपुढे यायचे. एकदा त्यांना मागच्या खोलीत भाडेकरू ठेवायचा होता. एक तरुण सोमवारी येऊन गेला. रविवारी बैठक बसली, साहेबांनी तासभर त्याच्या गुणदोषांचं पारायण केलं आणि मग काकूंकडे वळले. काकू शांतपणे म्हणाल्या की त्याची मंगळवारीच नागपूरला बदली झाली, त्याला खोली नको आहे. साहेब थक्क झाले, आधी का नाही सांगितलंस म्हणाले. "नियम तुमचाच," असं म्हणून काकू चहा टाकायला उठल्या. तुम्ही हसाल, पण साहेबांनी त्या दिवशी बायकोला शाबासकी दिली.

आमचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं, तेव्हाही हे गृहस्थ मदतीला धावून आले ते हातात वही घेऊन. चार हमाल घामाघूम, मी वरून ओरडतेय, आणि हे पायरीवर उभे राहून कोण पुढाकार घेतो ते टिपून घेतायत. मी विचारलं, साहेब, हात लावणार की नुसतं लिहिणार? तर मलाच गप्प बसायची खूण. तेवढ्यात माझी मुलगी सई खालून आली आणि एवढंच म्हणाली, "दादा, खाली ठेवा. मागच्या काकांची बोटं अडकलीत." सगळ्यांनी कपाट खाली टेकवलं. बोटं सुटली, मग कपाटही सुटलं. साहेबांनी वही मिटली आणि घरी गेले.

या सईला अकादमीत जायचं होतं. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. पहिल्या खेपेला ती मंडळापुढे जाऊन पाच दिवसांनी परतीचं तिकीट घेऊन आली. तयारीच्या क्लासने तिच्याकडून उत्तरं घोकून घेतली होती, गटचर्चेत सगळ्यांत मोठ्यांदा बोलायचं हे शिकवलं होतं. पोर आठ दिवस नीट जेवली नाही. त्या कपाटाच्या संध्याकाळी साहेब आमच्याकडे आले आणि तिला म्हणाले, "आज जिन्यात जी मुलगी होती ती तिथे गेलीच नव्हती. क्लासने पाठवलेली दुसरीच कोणीतरी गेली होती. या वेळी हिला पाठव." एवढीच त्यांची शिकवणी. पुढे रोज सकाळी ते तिला टेकडीवर नेत, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत आणि घोकलेलं एक वाक्य जरी तिच्या तोंडून आलं तरी उलट्या पावली परत फिरवत. महिनाभर पोरगी टेकडीच्या माथ्यावर पोचलीच नाही. मग एकदाची पोचली, आणि मला धडकी भरली.

कारण आता लपवण्यात काय अर्थ आहे? सईचं नाव पुन्हा यादीत आलं होतं, वयाच्या हिशेबाने ही शेवटची संधी होती, आणि ती हुकावी असं मला वाटत होतं. आई होऊन असं वाटावं याची लाजही वाटत होती. ती मंडळाकडे जायला निघण्याच्या आदल्या दिवशी मी साहेबांकडे गेले आणि मनाचा हिय्या करून सांगितलं, तुमची तिथे ओळख असेल, शब्द टाका, तिला घेऊ नका म्हणावं. पेढे घेऊन वशिला मागणारे लोक त्यांनी खूप पाहिले असतील, असला उलटा वशिला मागणारी मी पहिलीच असेन. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तिला तिघं बघतील, आणि त्यांच्या कानात कोणालाच बोलता येत नाही. मलाही नाही." मग वहीत काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

सई गेली. ते पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी काकू धिरडी घेऊन आल्या आणि एक पुसट चित्र दाखवून यात काय चाललंय म्हणाल्या. दारात एक बाई उभी होती. मी म्हटलं, ही दार लावून घेतेय, दुसरं काय. काकूंनी मान डोलावली. वानखडेंशी मात्र येता-जाता दोन शब्द व्हायचे तेवढेच.

पाचव्या दिवशी दुपारी सईचा फोन आला. निवड झाली होती. ती रडत होती, हसत होती, मी अभिनंदन म्हणाले आणि फोन ठेवला. तशीच खाली गेले. दार उघडंच होतं. दिवाणखान्याच्या मधोमध एक रिकामी खुर्ची, समोर साहेब, काकू आणि टोपी मांडीवर घेतलेले वानखडे. मी ओळखायला हवं होतं, पण त्या खुर्चीत बसले तेव्हा कुठे लक्षात आलं की हे पाच दिवस उमेदवार मीच होते. मुलीला पाठवायला ही आई लायक आहे का, एवढाच प्रश्न मंडळापुढे होता.

साहेब म्हणाले, मुलाखतीत नापास, कारण उमेदवाराने स्वतःच्या मुलीविरुद्ध वशिला मागितला. काकू म्हणाल्या, दार लावून घेतेय, म्हणजे माझ्याकडेही नापास. मग वानखडे उभे राहिले.

"बुधवारी ताईनं कसब्यातून काळी ट्रंक आनली. रिक्षातून सोताच उतरवली, मले हात लावू देल्ला नाही. म्हनल्या, गोधड्या ठेवाले आनली. पन साहेब, ट्रंकेवर पोरीचं नाव लिवून होतं. पांढऱ्या पेंटानं."

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. निकाल रविवारी होता, आणि मी बुधवारीच पेंटरसमोर उभी राहून नाव लिहून घेतलं होतं. का, ते तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं.

साहेबांनी वही मिटली. "मैदानावरचं मत मंडळ मान्य करतं. चौदा, शिफारस. निवड झालेल्या उमेदवाराने एक पाऊल पुढे येऊन आपला नंबर सांगायचा असतो."

मी उठले, एक पाऊल पुढे टाकलं. चौदा हा शब्द काही तोंडातून निघेना. काकूंनी येऊन मला जवळ घेतलं आणि तेव्हा कुठे मी पोटभर रडले. माझ्या मुलीला निवडणारे ते तिघं कोण होते मला माहीत नाही. मला निवडणाऱ्या या तिघांचे उपकार मात्र मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी ते केलं नसतं तर सईला निरोप देताना मी काय केलं असतं, कोणास ठाऊक.

सईचं आता अकादमीतलं दुसरं वर्ष. ट्रंक तिच्याबरोबर गेली. साहेब थकलेत, टेकडी बंद झाली, जिना चढतानाही मध्ये टेकतात. पण रविवारी सकाळी हटकून वर येतात, दारातच उभे राहतात आणि मंडळात शेवटच्या दिवशी उमेदवाराला विचारतात तोच प्रश्न मला विचारतात, "चौदा, राहण्या-जेवण्याची काही गैरसोय?"

मी नाही म्हणते. घरात मी एकटीच असते, आणि जेवलीस का म्हणून विचारणारं आता दुसरं कोणी नाही.