खिंडीसाठी घेतलेले टायर

हैदराबादेत कोठीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं की यापुढे गाडी चालवायची नाही. हे हो म्हणाले. आम्ही ऑटोने घरी आलो.

काचबिंदूचं निदान त्याच्या आदल्या वर्षीच झालं होतं. कडेचं दिसणं कमी होत जाईल, औषधाने वेग मंदावेल पण थांबणार नाही, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. "जे पाहायचं असेल ते पाहून घ्या," हेही म्हणाले होते.

यांना पाहायची होती हिमालयातली एक खिंड. तरुणपणी तिथून बसने गेले होते, पण जागा मिळाली होती डोंगराच्या बाजूला. "लोकांनी दरी बघितली, मी सगळा वेळ खडक बघितला," असं सांगून स्वतःच हसायचे. आता त्यांना स्वतः गाडी चालवत जायचं होतं. निदान झाल्यावर त्यांनी चारही चाकांनी ओढणारी एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली ती एवढ्याचसाठी. तो रस्ता उन्हाळ्याच्या शेवटी उघडतो आणि दिवाळीच्या आधी बर्फाने बंद होतो. डोळे आहेत तोवर त्यातला एक हंगाम साधायचा होता.

गाडी होती, पण तिला घाटासाठी सज्ज करायचं होतं. इथे आमची रीत आडवी आली. यांचं घराणं मूळ शेतकऱ्यांचं. बैल घ्यायचा तर आधी नुसता बघून यायचं, मध्ये एक रात्र जाऊ द्यायची, मग सौदा करायचा. शेती सुटली, हैदराबादेत नोकऱ्या लागल्या, तरी रीत राहिली. सुलतान बाजारात साडी घ्यायलासुद्धा आम्ही दोन फेऱ्या करत असू. टायरही तसेच घ्यायचे ठरले.

मी कॉलेजात शिकवत असे. कुठलीही गोष्ट आधी वाचून घ्यायची, ही माझी सवय. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात, तिथे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी कशी न्यावी याचं एक जाड पुस्तक मला मिळालं. संध्याकाळी मी वाचायची आणि हे ऐकायचे. त्यांना विंच हवी होती, म्हणजे गाडीच्या पुढे बसवायचा, दोर गुंडाळून गाडी ओढून काढणारा यंत्राचा रहाट.

"अहो, दोर बांधणार कशाला? त्या उंचीवर झाड नसतं."

"दुसऱ्या गाडीला बांधू."

"दुसरी गाडी असेल तर तीच ओढेल की आपल्याला!"

"तू ना, खिंडीत पोचल्यावरही तळटिपा काढशील," असं म्हणून हे उठले आणि चहा टाकायला गेले. विंच गेली. ओढायचा पट्टा, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप आणि इंजिनाखाली दगडांपासून संरक्षण म्हणून लोखंडी पत्रा, एवढं राहिलं. टायर मात्र ठरेनात. चिखलाचे जाड खाचांचे घ्यावेत की सगळ्या रस्त्यांना चालतील असे, यावर सगळा उन्हाळा गेला. राणीगंजचा टायरांचा दुकानदार आम्हाला लांबूनच ओळखू लागला. एकदा आम्ही "बघून जातो" म्हणालो तेव्हा तो गल्ल्यावरून ओरडला, "साब, इत्ता सोचे तो पहाड खुद चलके आता!"

ठरले तेव्हा आषाढ लागला होता. आषाढात नवं चाक घरी आणायचं नाही, असं यांच्या आई मानत. त्या जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"गावभर आषाढाची सूट चालू आहे," मी म्हणाले.

"ती साड्यांना, चाकांना नाही. आणि मी कुठे मानतो? आई मानायची."

खरं म्हणजे मला त्यांचं ते थांबणं आवडलंही होतं.

श्रावणात टायर चढले. एका रविवारी आम्ही अनंतगिरीच्या टेकड्यांकडे गेलो. दगडांची वाट सुरू झाली तिथे यांनी खाली बसून चारही टायरमधली हवा थोडी सोडली, कारण मऊ टायर दगड धरून चालतो. गाडी हेलकावत वर चढली. वर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. "जमतंय गं," म्हणाले. उतरताना उजवीकडचं एक झुडूप त्यांना दिसलं नाही, ते गाडीला घासलं. खाली आल्यावर यांनी पंपाने चारही टायरमध्ये पुन्हा हवा भरली.

त्याच आठवड्यात निघायला हवं होतं. पण इंजिनाखालचा पत्रा बाहेरगावाहून यायचा होता. तो आला तेव्हा गणपती बसले होते. नंतर पितृपक्ष, म्हणजे प्रवासाला निघायचं नाही. मग खिंडीत बर्फ पडल्याची बातमी आली. हे म्हणाले, "पुढच्या वर्षी. तयारी तर झालीच आहे." ते रुसले नव्हते. उलट एखादं काम नीट पुरं केल्यासारखे दिसत होते, आणि मलाही तसंच वाटलं.

पुढचा उन्हाळा यायच्या आत डॉक्टरांनी नाही म्हटलं.

मी ड्रायव्हर घेऊन जायचं सुचवलं. "मग बसनेच जाऊ की," हे म्हणाले, "बसने मी गेलोय." तो विषय तिथे संपला. त्या हिवाळ्यात एका सकाळी दाढी करताना ते खाली बसले ते उठले नाहीत. कारण हृदयाचं होतं, डोळ्यांचं नव्हतं.

लोक विचारतात, दुखणं अचानक आलं का. मी हो म्हणते. पण मला रुखरुख लागते ती श्रावणातल्या त्या रविवारनंतरच्या दिवसांची. रस्ता उघडा होता, त्यांना पुरेसं दिसत होतं, गाडी चढत होती. पत्र्यावाचून अडलं नसतं. ते त्या जाड पुस्तकातही लिहिलेलं होतं, आणि तो भाग मीच त्यांना वाचून दाखवला होता. तरी आम्ही पत्र्याची वाट पाहिली, कारण आम्हाला दोघांना मिळून एखादी गोष्ट निवडायला फार आवडायचं. लग्नापासून आम्ही दुसरं काही इतक्या आवडीने केलं नव्हतं.

गाडी अपार्टमेंटच्या खाली उभी आहे. टायर चांगले आहेत. मला गाडी चालवता येत नाही.