दुसऱ्याला विचारलं तर तो काय सांगेल?

माझी दोन-तीन वर्षं अशा एका गावात गेली, जिथं काही लोक नेहमी खरं बोलतात आणि बाकीचे नेहमी खोटं. हे गाव नकाशात शोधू नका. ते बँकेच्या परीक्षेच्या पुस्तकात असतं, रिझनिंगच्या भागात, नातेसंबंध आणि दिशाज्ञान संपलं की लगेच पुढं.

मला ते सापडलं गोंदियात. दर रविवारी मी नवेगाव बांधहून एस.टी. पकडून तिथल्या एका क्लासला जायचे. आमचे सर हिंदीत शिकवायचे, मधेच आठवण झाली की मराठीत. एका रविवारी त्यांनी फळ्यावर तीन माणसं काढली: क, ख आणि ग. क म्हणतो, ख खोटारडा आहे. ख म्हणतो, क आणि ग एकाच जातीचे आहेत. एकाच जातीचे म्हणजे दोघंही खरे किंवा दोघंही खोटे. आमच्या भागात जात या शब्दाला एवढा साधा अर्थ मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"पहले मान लो, क सच्चा है," सर म्हणाले. "फिर मान लो, झूठा है. दोनों बार देखो कौन फँसता है."

दोन्ही वेळा ग फसला. क खरा धरा की खोटा धरा, ग खोटाच निघत होता, आणि त्या बिचाऱ्यानं तर तोंडही उघडलं नव्हतं. मी परतीच्या एस.टी.त सगळा वेळ त्या ‘ग’चाच विचार करत बसले. सौंदड कधी गेलं ते कळलं नाही.

संध्याकाळी घरी ते कोडं मी बाबांना घातलं. बाबा ठेक्यानं धानाची शेती करायचे आणि खरं बोलायचे. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त त्रासाचं होतं, निदान आईला. लग्नाच्या पंगतीत कुणी सहज विचारलं, जेवण कसं झालं, तर बाबा सांगायचे, "भात कच्चा आहे." बैल विकायला काढलेल्या शेजाऱ्याच्या दारात, गिऱ्हाइकासमोर, "हा मागच्या पायानं लंगडते," असं म्हणून त्यांनी आमचं आणि शेजाऱ्यांचं बोलणं वर्षभर बंद पाडलं होतं. रोज दिवेलागणीला आम्ही तिघं भिंतीवरच्या दोन फोटोंपुढं मेणबत्ती लावून वंदना घ्यायचो, पंचशील म्हणायचो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आई आणि मी ते म्हणायचो, बाबा ते पाळायचे.

कोडं ऐकून बाबांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "हा ग तं काहीच नाही बोलला. मंग तो खोटा कसा?"

"बाकीच्यांच्या बोलण्यावरून."

"दुसऱ्याच्या बोलन्यावरून कोनाले खोटा ठरवाचं? हे तं आपल्याच गावासारखं झालं." मग थोडं थांबून म्हणाले, "पन तो खोटं काऊन बोलते?"

"बाबा, तो खोटारडा आहे म्हणून."

"तसं नाही. काही कारन असन ना!"

परीक्षेत एका प्रश्नाला एक मिनिटसुद्धा मिळत नाही, खोटं बोलण्याचं कारण कुठून विचारणार, असं मी म्हटलं. पण बाबांचं 'काऊन' थांबेना. प्रत्येक कोड्याला तेच. मी चिडायचे आणि तरीही दुसऱ्या दिवशी नवं कोडं घेऊन त्यांच्यापाशी जायचे, कारण त्यांच्याइतकं मन लावून ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांना सगळ्यांत आवडलं ते दोन रस्त्यांचं कोडं. फाट्यावर दोन माणसं उभी आहेत. एक नेहमी खरा, एक नेहमी खोटा, कोण कोणता ते आपल्याला माहीत नाही. दोन रस्त्यांपैकी गावाला जाणारा एकच, आणि दोघांपैकी एकालाच एकच प्रश्न विचारायचा. काय विचारणार? तर कुणालाही एवढंच विचारायचं: हा दुसरा माणूस मला कोणता रस्ता दाखवेल? खरा माणूस खोट्याचं खोटं इमानदारीनं सांगतो. खोटा माणूस खऱ्याचं उत्तर उलटं करून सांगतो. दोघंही एकच रस्ता दाखवतात, चुकीचा. आपण दुसऱ्या रस्त्यानं निघायचं.

बाबांनी मला हे चारदा सांगायला लावलं. मग अंगणात काडीनं दोन रस्ते ओढून स्वतःशीच पुटपुटत बसले. "दोघंही एकच दाखवतेत," ते म्हणाले, "आन् तरी समजते. वा रे वा!"

त्याच हिवाळ्यात मला पाहायला पाहुणे आले, सडक अर्जुनीकडचे. मुलगा शिक्षक होता, बोलायला बरा होता, आणि लग्नाला माझा नकार नव्हता. मला फक्त एक गोष्ट कळायला हवी होती. परीक्षा जवळ आली होती; ती नाही जमली तर पुढची, तीही नाही तर त्याच्या पुढची द्यायची होती. त्या घरात गेल्यावर ते मला करता येईल का, एवढंच.

बाबांनी बैठकीत सरळ तेच विचारलं. सगळे हो म्हणाले. मुलगा हो म्हणाला, त्याचे वडील हो म्हणाले, त्याची आई म्हणाली, "आमी सुनाईले पोरीसारखं ठेवतो." सोबत मोठी सून आली होती. तिचं डी.एड. झालेलं होतं. तिच्याकडे सगळ्यांनी पाहिलं, तशी तीही म्हणाली, "आमच्या घरी शिकू देतात." आईचा चेहरा खुलला. माझं मात्र मन बसेना. सगळेच हो म्हणतात तेव्हा सोडवायला काही हातात उरत नाही.

चहा झाल्यावर मोठी सून कपबशा घेऊन माझ्यामागं स्वयंपाकघरात आली. मी नको म्हणत होते, तरी विसळायला बसली. सरळ विचारलं तर ती पुन्हा तेच सांगणार, हे मला दिसत होतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, तुमच्या मिस्टरांना कुणी विचारलं, की तुमच्या बायकोनं नोकरी काऊन नाही केली, तर ते काय सांगतील?"

तिचा हात थांबला. मग ती हळूच हसली.

"ते सांगतीन, तिलेच मन नव्हतं."

आणि कपबशा ताटात नीट मांडून झाल्यावर, माझ्याकडे न पाहता, "आन् मले कोनी विचारलं, तं मीबी तेच सांगन."

ती उठून बैठकीत गेली. मी तिथंच उभी राहिले.  तिनं एकाही माणसाविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. मी तिला फक्त दुसऱ्याचं उत्तर विचारलं होतं, आणि त्या आडोशानं तिला जे सांगायचं होतं ते सांगता आलं होतं. पुस्तकात या प्रश्नाचा हा उपयोग कुठं लिहिलेला नव्हता.

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, स्थळ चांगलं आहे. बाबांनी मला विचारलं, "तुले काय वाटते?"

तिचे शब्द सांगावेत की नाही, मला कळेना. मी म्हटलं, "बाबा, दोघंही एकच रस्ता दाखवतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "मंग आपन दुसऱ्यानं जाऊ," ते म्हणाले.

नकार कळवणं सोपं नव्हतं. शेजारपाजारच्या घरांत असल्या वेळी पत्रिका जुळत नाही म्हणून मोकळं होतात. आम्ही बौद्ध, आमच्याकडे पत्रिका नसतेच, तर ती जुळणार नाही कशी? दुसऱ्या दिवशी मध्यस्थ आला आणि त्यानं बाबांना विचारलं ते नेमकं बाबांचंच: "नाही म्हनता, पन काऊन?" मी दाराआड उभी होते.  खरं सांगितलं असतं तर माझ्याशी आत कोण बोललं होतं, हे त्या घरात लगेच कळलं असतं. भोगावं त्या सुनेला लागलं असतं.

"दुसऱ्या एका परीक्षेतून पोरीले नोकरी लागली, आता लग्न नाही," बाबा म्हणाले. "ऑर्डर येवाचा आहे."

मध्यस्थानं तोंडभरून अभिनंदन केलं आणि ती बातमी दिवस मावळायच्या आत गावभर केली. बाबा आत आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "मी खोटं बोललो." कोड्यांच्या गावात हे वाक्य बोलायला माणूसच सापडला नसता.

"काऊन?" मी उगीच चिडवलं.

"आता तू विचारून राहिली काऊन!" ते म्हणाले, पण हसले नाहीत.

त्या संध्याकाळी वंदनेत चौथं शील आलं आणि तीन आवाजांतला एक गळाला. आईनं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. नंतर मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "जे खोटं चालूच आहे, ते सोडतो म्हनून कसं म्हनू?" ती परीक्षा मी नापास झाले. पुढचीही झाले. रोज संध्याकाळी चौथ्या शीलाला आई आणि मी दोघीच. गावात कुणी "ऑर्डर आला का?" म्हटलं की बाबा, ज्यांनी कधी कुणाला चुकवलं नव्हतं, बांधावरून वाट वाकडी करून जायला लागले. मला त्यांचा राग यायचा. एकदा तरी म्हणावं, अभ्यास कर. ते कधीच म्हणाले नाहीत, फक्त जेवणाआधी विचारायचे, "आज कोनतं कोडं?"

तिसऱ्या खेपेला पेपरात पाच माणसांचं कोडं आलं. कोण खरं, कोण खोटं, ते सुटलं. पण त्यातला एक जण खोटं काऊन बोलत असेल, यावर माझा वेळ गेलाच. तरी निवड झाली.

ऑर्डर पोस्टानं आली. बाबांनी ती अक्षर न् अक्षर वाचली, घडी घालून आईकडे दिली आणि धानाला पाणी लावायला निघून गेले. दिवेलागणीला आले, हातपाय धुतले. आम्ही तिघं बसलो. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथ्याला आई आणि मी, काही ठरलेलं नसताना, दोघीही थांबलो. बाबांचा एकट्याचा आवाज आला. 

पाचवं आम्ही तिघांनी मिळून म्हटलं.