काकांचं गवत, आमचं गवत

आमच्या घरात माझं मत आजवर एकदाच विचारलं गेलं आहे, तेही डिशची कंपनी बदलायच्या वेळी.

सहा वर्षांपासून आमच्या टीव्हीवर धुकं होतं. शेवटी वैतागून बाबा म्हणाले, "तू कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस. सांग, कोणत्या कंपनीचं एचडी चांगलं?" (एचडीचा धडा आमच्या शाळेत नव्हता. पण बाबांच्या मते इंग्रजीत शिकलं की विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू आपोआप कळते.) मी दोन दिवस लोकांचे अभिप्राय वाचले आणि एका नव्या कंपनीचं नाव पुटपुटले. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाबांनी फोन लावला होता!

माणूस आला, गच्चीवर नवी छत्री बसवली, खाली नवा बॉक्स ठेवला. मग त्याने पिशवीतून एक काळी वायर काढली आणि इथे अडलं. टीव्हीला आधीच लाल-पांढरी-पिवळी अशी तीन तोंडांची वायर होती. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर बाबांनी केलेलं पहिलं काम ते! भिंतीत खिळे ठोकून त्यांनी ती पक्की बसवली होती आणि दिवाळीत भिंतीबरोबर तिलाही पिस्ता रंग दिला होता.

"अंकल जी, एचडी के लिए ये वाली लगवा लीजिए."

"बेटा, उमर निकल गई फॅक्टरी में. ये वायर मेरे बाद भी चलेगी!"

त्याने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. (अनोळखी माणसाशी बोलायचं असेल तर मला निदान दोन दिवस आधी कळवावं लागतं.) त्याने नवी वायर माझ्या हातात दिली आणि गेला. आमच्या घरात नवी वस्तू वापरायची नसते, जपून ठेवायची असते. मी ठेवली.

टीव्ही लावला. "वा! याला म्हणतात चित्र!" बाबा म्हणाले.

"अहो, त्या बाईच्या साडीचा काठ दिसून राहिला!" आई म्हणाली.

मलाही दिसला. खोटं कशाला बोलू, दिसावाच लागला! कंपनी माझी होती.

संध्याकाळी शेजारचे मोहरील काका आले. त्यांच्याकडे आमचीच जुनी कंपनी. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं, परत पुसला.

"भाऊ, हे एचडी आहे?"

"शंभर टक्के!"

"मग काहून असं वाटून राहिलं, जसा मच्छरदाणीतून मॅच पाहून राहिलो?"

"तुझ्याकडे मोठं वेगळं दिसत असेल!"

"चलो, रविवारी होऊनच जाऊ दे!"

रविवारचे नियम काकांनी केले. मॅच एकच. दोन चेंडू त्यांच्याकडे पाहायचे, मग फाटकातून धावत येऊन दोन चेंडू आमच्याकडे. चालत यायचं नाही, चित्राची आठवण शिळी होते! पंच आई, कारण तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही, म्हणजे ती निःपक्षपाती.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, आज तुझी इज्जत आहे. हरलो तर जुनी कंपनी परत, अन् यापुढे मत तुझ्या आत्याच्या पोराचं." (आत्याचा पोरगा नागपूरला इंजिनीअर आहे. त्याला प्रत्येक गोष्टीवर मत आहे. मी न विचारताही ऐकलेलं आहे.)

काकांच्या टीव्हीवर गवताचं पातं न् पातं वेगळं होतं. "अगंबाई, कापायला झालं की हे!" आई म्हणाली. आम्ही धावलो. आमच्या टीव्हीवर हिरवी सतरंजी अंथरलेली होती.

"आपल्याकडे गवत नाही," आईने निकाल दिला, "शेवाळ आहे."

"हौ!" काका आमचाच चिवडा खात म्हणाले.

दुसरी फेरी. काकांकडे बॉलरच्या गालावर तीळ दिसला. आमच्याकडे गाल कुठे संपतो यावरच वाद झाला! बाबा मटकन खुर्चीत बसले. "लाव आत्याला फोन."

मी फोन हातात घेतला आणि थबकले. लाजाळू माणूस लोकांच्या तोंडाकडे पाहत नाही, त्यामुळे त्याला भिंती आणि कोपरे पाठ असतात. काकांच्या टीव्हीमागे एकच वायर होती. काळी. आणि आमच्या भिंतीवर... पिस्ता!

"थांबा!" मी ओरडले. (सगळे दचकले. मीसुद्धा.) खोलीत धावले, ड्रॉवर उपसला, वायर घेऊन आले.

"अगं, ती भिंतीवर लोंबकळेल!" बाबा कळवळले.

"लोंबकळू द्या!"

वायर खोचली. रिमोटचं वायर निवडायचं बटण दाबलं. टीव्ही निळाशार!

"गेला! भाऊ, तुझा टीव्ही गेला!" काका आनंदाने उभे राहिले.

मी डोळे मिटून बटण आणखी एकदा दाबलं. डोळे उघडले तर घरात मैदान उतरलं होतं! गवतावरची मुंगीसुद्धा दिसली असती, पण कॅमेऱ्यासमोर यायला ती लाजली असावी. मी समजू शकते.

"अहो, त्या अंपायरच्या मिशीत एक पांढरा केस आहे!" आई किंचाळली.

काका फाटकातून धावत गेले आणि धापा टाकत परतले. "माझ्याकडे... केस नाही दिसला." (त्यांचा टीव्ही आमच्यापेक्षा वीतभर लहान आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी बोलले नाही.)

बाबांनी फाटकात उभं राहून सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं सांगितलं, "कॉन्व्हेंट आहे, कॉन्व्हेंट!" पुढच्याच आठवड्यात काकांनी माझ्या सल्ल्याने कंपनी बदलली. मागोमाग गल्लीतल्या आणखी दोन घरांनी. आता गल्लीतले लोक मला इन्व्हर्टरबद्दलही विचारतात.

फक्त एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी ड्रॉवरमध्ये वायरी दोन होत्या. नवीच्या खाली तशीच काळी, तशीच गुंडाळलेली दुसरी, जुन्या कंपनीच्या न उघडलेल्या पिशवीत. सहा वर्षांपूर्वी, मी दहावीत असताना, जुना बॉक्स बसवणाऱ्याने ती माझ्या हातात दिली होती आणि मी ती जपून ठेवली होती.

म्हणजे ती बिचारी कंपनी सहा वर्षं स्वच्छ चित्र पाठवत होती. ते माझ्या ड्रॉवरमध्ये अडकलं होतं.