दारातलं गोमूत्र

राहीवन्संचं कोणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. कौतुक खोटं असतं अशातला भाग नाही. मिरकरवाड्यातली चार बुकं शिकलेली विधवा पोर नर्स होते, हेडनर्स होते आणि शेवटी दवाखान्याच्या मेट्रनच्या खुर्चीवर बसते, हे काय थोडं आहे? पण लोक तेवढंच सांगतात. मधलं कोणी सांगत नाही. मी चिमा, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. त्या मधल्यात माझी लेक आहे, म्हणून मला सांगणं भाग आहे.

वन्संचा नवरा मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. जयगडच्या पुढे मचवा उलटून तो गेला तेव्हा वन्संना सातवा महिना. पुढे मुलगा झाला. सुईण जनी, तिने नाळ विळ्याने कापली आणि वर राख लावली, सगळ्यांचं करायची तसंच. आठव्या दिवशी पोराने अंगावर प्यायचं सोडलं, जबडा मिटला, पाठ ताठ झाली आणि गेला. सटवीने नेला, असं सगळे म्हणाले. सतरा वर्षांच्या वन्सं माहेरी परत आल्या.

गावात बायकांचा एक लहानसा दवाखाना होता. तिथे झाडलोटीला बाई हवी होती, वन्सं लागल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा बोलता बोलता सांगितलं, की आठव्या दिवशी पोरं जातात ती सटवीमुळे नव्हे. मळक्या विळ्यातून, शेणामातीतून विष नाळेत जातं, त्याला धनुर्वात म्हणतात. वन्सं दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, मला हे काम शिकायचंय. एकोणीसशे तेवीस साली बोटीने मुंबईला गेल्या आणि चार वर्षांनी नर्सिंगचं नि सुइणपणाचं सर्टिफिकेट घेऊन परतल्या. मी लग्न होऊन या घरात आले ती त्याच वर्षी.

तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे यमुनाबाईंनी, अट घातली. "रोज दहा जातींच्या बायकांचा विटाळ अंगावर घेऊन येणार तू. माझ्या घरात ते नाय चालायचं."

म्हणून ठरलं ते असं. वन्सं संध्याकाळी येऊन अंगणात उभ्या राहायच्या. मी आतून गोमूत्राचं भांडं आणायची, गोठ्यातलंच, तळाला शेणाचा गाळ असलेलं. सासूबाई त्यात तुळशीची डहाळी बुडवून वन्संच्या डोक्यावर, हातांवर शिंपडायच्या. मग पडवीत लुगडं बदलायचं आणि आत यायचं. येणारेजाणारे बघायचे. दवाखान्यात साबणाने कोपरापर्यंत हात घासणारी बाई दारात मुकाट उभी राहायची. मी एकदा विचारलंही. "आयेचं मन राखायचं, वैनी," म्हणाल्या, "आपलं काय जातं त्यात?"

एकतीस साली त्या हेडनर्स झाल्या. त्याआधीच्या साऱ्या बाहेरच्या, इथल्या बायकांचं बोलणंही त्यांना कळायचं नाही. वन्सं वॉर्डात आवाज चढवत नसत. हाताखालच्या पोरीने न धुतलेल्या हाताने बाळाला उचललं, तर तिला सगळ्यांसमोर फक्त हात पुढे करायला सांगत आणि बघत राहत. एवढ्यानेच पोरगी रडकुंडीला यायची. पण वॉर्डात खाटा रिकाम्याच. बायका घरी अडायच्या, दोन दिवस तळमळायच्या आणि मग कोणीतरी डोलीत घालून मरायला आणायचं. वन्सं डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, बायका सुइणींना सोडणार नाहीत, तेव्हा सुइणींनाच शिकवूया.

अशा बारा सुइणी गोळा केल्या, जनी त्यांतलीच. दर मंगळवारी वर्ग. प्रत्येकीला पत्र्याच्या डबीत कात्री दिली. कात्री किती वेळ उकळायची? घड्याळ कोणाच्या घरी असणार? वन्संनी सांगितलं, चुलीवर भात शिजायला लागतो तेवढा वेळ. ते मात्र सगळ्यांना पक्कं समजलं.

दवाखान्याच्या कमिटीने बजावलं होतं, वर्षभर बघू. या सुइणींच्या हातची पोरं धनुर्वाताने जात राहिली तर वर्ग बंद आणि कात्र्या परत. मेट्रनची नवी जागाही मग बाहेरच्या बाईला. वन्संना खुर्चीचं फार नव्हतं, खोटं कशाला बोलू, थोडं होतं. पण वर्ग बंद पडला तर बायका पुन्हा विळ्याकडे जातील, याची त्यांना धास्ती होती. आपल्या पोरासारखं दुसरं कोणाचं जाऊ नये, एवढ्यासाठी ती बाई जगत होती.

चौतीस साली माझे दिवस भरले. माहेरी आई नव्हती, बाळंतपण इथेच व्हायचं होतं. दवाखान्यात जायला सासूबाईंनी साफ नकार दिला. वन्सं म्हणाल्या, ठीक, मी घरीच करीन. पण कळा सकाळीच सुरू झाल्या आणि नेमकी तेव्हा दवाखान्यात एक बाई रक्तस्रावाने चालली होती. तिला सोडून वन्संना निघता येईना. त्यांनी निरोप पाठवला, जनीला बोलवा, ती शिकलेली आहे.

जनी डबी घेऊन आली. मी पडल्या पडल्या बघत होते. तिने कात्री उकळत टाकली, भात शिजेल इतका वेळ, तसूभर कमी नाही. मग बाहेर काढली, गोमूत्राच्या भांड्यात बुडवली आणि नाळ कापली. कात्री दवाखान्यातली, कोणाकोणाचं रक्त लागलेली. बुडवली तेव्हा मलाही बरं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मुलगी झाली. गोरी, नाक माझ्या नवऱ्याचं. सातव्या दिवशी तिने प्यायचं सोडलं. वन्संनी तिची हनुवटी बोटाने दाबून पाहिली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेल्या. आठव्या दिवशी दुपारी ती गेली. बारसंही झालं नव्हतं, हाक मारून रडायला मला तिचं नावसुद्धा नाही.

वन्संनी जनीला अंगणात बोलावलं. "कात्री उकळलीस?"

"उकळली, बाई."

"मग?"

"मग गोमूत्रात बुडवून घेतली."

"हे मी शिकवलं तुला?"

जनी म्हातारी, घाबरणारी नव्हे. म्हणाली, "दवाखान्यातून आलात की तुम्ही रोज दारात शिंपडून घेता. मगच आत जाता. सगळा वाडा बघतो. कात्रीपण दवाखान्यातलीच ना, बाई?"

दुसऱ्या दिवसापासून वन्सं बाकीच्या अकराजणींच्या घरी गेल्या. नऊजणींनी हेच केलं होतं. वर्षभरात आणखी चार पोरं गेली होती आणि सटवीच्या नावावर घालून कोणी कळवलं नव्हतं.

कमिटीसमोर सुइणींवर ढकलणं सोपं होतं. डॉक्टरीणबाईंनी तसं सुचवलंही. वन्संनी कागदावर लिहून दिलं, की दोष माझा, मी जे तोंडाने शिकवलं त्याच्या उलट रोज स्वतःच्या दारात करून दाखवलं. मेट्रन म्हणून बाहेरची बाई आली. वर्गाला, वन्संनी हातापाया पडल्यावर, सहा महिने मिळाले.

पुढच्याच मंगळवारी त्यांनी वर्ग आमच्या अंगणात भरवला. बारा सुइणी ओळीने बसल्या. वन्सं दवाखान्यातून तशाच आल्या. सासूबाई डहाळी घेऊन उभ्या.

"आये, बाजूला हो."

"अशी उंबरा ओलांडलीस, तर जिवंत असेपर्यंत तुझ्या हातचं पाणी पिणार नाय मी."

वन्सं उंबरा ओलांडून आत गेल्या, रोजच्या भाताच्या टोपात पाणी घेतलं, कात्री टाकली आणि आमच्याच चुलीवर ठेवली. भात शिजेल इतका वेळ उकळू दिली. मग चिमट्याने कात्री वर धरून त्या दारात आल्या आणि सुइणींना म्हणाल्या, "आता हिच्यावर काही नाय. माझ्यावरपण नाय."

पुढच्या सहा महिन्यांत धनुर्वाताने एकही पोर गेलं नाही. छत्तिसात बाहेरची मेट्रन कंटाळून निघून गेली आणि वन्संना ती जागा मिळाली. माझा मुलगा त्याच साली झाला, जनीच्याच हातून. अंगणात धावतोय आता.

सासूबाईंनी शब्द पाळला. गेल्या वर्षी त्या गेल्या. अख्ख्या दवाखान्याला पाणी पाजणारी त्यांची लेक दाराशी उभी होती आणि शेवटचं पाणी मी घातलं.

मला त्यांचा राग येतो, तो अजून गेलेला नाही. ते एक पाऊल त्यांनी माझ्या बाळंतपणाआधी टाकलं असतं तर माझी लेक आज शाळेत जायच्या वयाची झाली असती. रागाच्या भरात मी एकदा त्यांना तोंडावर तसं बोललेही. त्या एवढंच म्हणाल्या, "खरंय, वैनी." मला उलट काही बोलल्या नाहीत. बोलता आलं असतं. सात वर्षं रोज संध्याकाळी ते भांडं मीच भरून आणून देत होते.