मिस्टर डॅनियलला अरबी येत नाही

इजिप्तमधल्या आमच्या मन्सूरा गावच्या माणसांचे डोळे घारे-हिरवे असतात आणि केस उन्हात तांबूस दिसतात. कुठल्याशा जुन्या लढाईतले गोरे कैदी इथेच राहिले आणि त्यांचं रक्त आमच्यात मिसळलं, असं सांगतात. खरं-खोटं बघायला कोण गेलंय. एरवी या डोळ्यांचा उपयोग लग्नं जुळवण्यापुरता. वाएलला मात्र त्यांनी पोटापाण्याला लावलं, आणि तिथेच त्याचं वाटोळं झालं.

वाएल हा सब्री न्हाव्याचा मुलगा. शिक्षणशास्त्राच्या कॉलेजातून इंग्रजीचा शिक्षक होऊन तो बाहेर पडला, त्या उन्हाळ्यात बापाच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. गालाला साबण फासून बसलेला जो तो त्याच्या आयुष्याचा निकाल लावत होता.

“सरकारी शाळेत चिकटव,” हाज मुतवल्ली म्हणाले.

“सरकार आता तासावर घेतं, हाज,” सब्री म्हणाला. “तासाचं मिळतं ते येण्याजाण्यातच संपतं.”

“मग शिकवण्या घेऊ दे.”

“शिकवण्या? तो ‘इंग्रजीचा सुलतान’ बसलाय ना, गावातल्या प्रत्येक भिंतीवर त्याचं थोबाड. हा गेला होता विचारायला. हॉलमध्ये मागे उभं राहून पेंगणाऱ्या पोरांना उठवायचं, एवढं काम आहे म्हणे.”

“तर आखातात पाठव.”

“ते पाच वर्षांचा अनुभव मागतात. कुठल्या दुकानात मिळतो सांगा, वस्तरा ठेवून आत्ता आणायला जातो.”

कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या करत वाएल गुमान ऐकायचा. त्याला फक्त एक वर्ग हवा होता, ज्यात मुलं असतील. सरावाच्या वर्षी त्याने बाकांनाच शिकवलं होतं. बारावीची सगळी पोरं शिकवणीला जात आणि हजेरीत सगळी हजर असत.

शेवटी कैरोच्या नव्या वस्तीतल्या एका इंग्रजी शाळेने बोलावलं. मालकीणबाई मादाम निहाल. तिने त्याची प्रमाणपत्रं न बघताच बाजूला सारली आणि त्याचं तोंड न्याहाळत राहिली.

“कागदावर तू वाएलच राहशील,” ती म्हणाली. “मी कुणाशी खोटं बोलणार नाही. पालकांना एवढंच सांगेन, हे मिस्टर डॅनियल. पुढचं ते आपलं आपण समजतील. तू फक्त अरबी बोलायचं नाही. शिपायाशीसुद्धा नाही. तुला कळतं असं दिसलं तरी त्या दिवशी घरी.”

“मादाम, मी रीतसर शिकलेला शिक्षक आहे.”

“शिकलेले शिक्षक दारात रोज उभे असतात, बाळा. खवागा नसतो.”

खवागा म्हणजे गोरा परदेशी. आपल्यातला माणूस इंग्रजी शिकवून म्हातारा झाला तरी त्याच्या हाती पोर सोपवायला आमचा जीव होत नाही, आणि खवागा दिसला की तो काय शिकलाय हे विचारायचंही भान राहत नाही. हा आमचा रोग आहे आणि तो आम्ही पैसे देऊन पोसतो.

वाएलने हो म्हटलं. समोर सहा-सहा वर्षांची वीस मुलं बसली होती, खरीखुरी. शिपाई हसत हसत अरबीत म्हणायचा, “या पांढऱ्या माकडाला साखर किती घालू?” वाएलही हसून त्याचे इंग्रजीत आभार मानायचा. मुलं अरबीत काही मागू लागली की तो खांदे उडवायचा. मग ती बिचारी धडपडून इंग्रजी शब्द शोधायची. त्यांचं इंग्रजी खरंच सुधारलं, आणि तो आतून फुगायचाही. उगीच कशाला नाकारायचं, शिक्षक तो चांगलाच होता.

वर्गात लमार नावाची मुलगी होती. तिला मधुमेह होता, इंजेक्शनं चालू होती. आईने शाळेला ते कळवलंच नव्हतं. पुढे लग्नाच्या वेळी बोभाटा नको, म्हणून आमच्याकडे मुलीचं दुखणं सहाव्या वर्षापासूनच झाकतात. “कसंतरी झालं तर सरांना सांग,” एवढंच तिने पोरीला बजावलं होतं.

त्या दिवशी मादाम निहाल प्रवेशासाठी आलेल्या एका कुटुंबाला घेऊन वर्गात मागे उभी होती. लमार उठून वाएलजवळ आली. कपाळावर घाम होता.

“सर, मला गरगरतंय,” ती अरबीत म्हणाली. “हात बघा कसे थरथरतायत.”

वाएलला तत्क्षणी कळलं. त्याच्या आईची साखर उतरली की ती हेच बोलायची, असाच घाम यायचा. मागे मादाम बघत होती. पाहुण्यांतले आजोबा मान पुढे काढून बघत होते.

“इंग्रजीत सांग, बेटा,” तो इंग्रजीत म्हणाला.

लमारने ओठ हलवले. गरगरण्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्याने अजून शिकवलं नव्हतं. ती जागेवर गेली आणि बाकावर डोकं टेकून बसली.

“बघितलंत?” मादाम पाहुण्यांना म्हणाली. “अरबीचा एक शब्द चालत नाही.”

आत्ता जातील, वाएल मनाशी म्हणत होता, आत्ता जातील. पण आजोबांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायचं होतं, आमचा देश आवडला का. वाएलने उत्तर दिलं, नील नदीची तारीफही केली. तो बोलत असतानाच लमार बाकावरून घसरून फरशीवर पडली.

मग तो धावला. शेजारच्या मुलाच्या डब्यातला आंब्याचा रस उचलला, पोरीला मांडीवर घेतलं आणि घोट घोट तिच्या ओठात सोडू लागला. तिच्या कानाशी वाकून, आपल्या आईच्या गावंढळ बोलीत, तो पुटपुटत होता, “गीळ गं माझ्या सोन्या. डोळे मिटू नकोस.” मागे आरडाओरडा चालला होता, त्यात त्याचं बोलणं कुणालाच ऐकू गेलं नाही. लमारने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं.

आठवड्याने ती शाळेत आली. बरोबर आई होती, हातात बसबूसाचं, रव्याच्या मिठाईचं ताट.

“यांना सांगा,” आई मादामला म्हणाली, “माझ्या पोरीचे प्राण यांनी वाचवले. आम्ही कुणाला बोललो नव्हतो, तरी यांनी नुसतं बघून ओळखलं. आपला कुणी असता तर चहा ढोसत बसला असता.”

“मम्मा, मी सांगितलं होतं त्यांना,” लमार म्हणाली. “गरगरतंय म्हणून. त्यांना कळलं होतं. आपल्यासारखं बोलता येतं त्यांना.”

“काहीतरीच काय, लमार. ते खवागा आहेत.”

“खरंच. ते मला सोन्या म्हणाले.”

“खोटं बोलायला कधीपासून शिकलीस?” आईचा आवाज चढला. “ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याबद्दल असं बोलतात?”

लमारने वाएलकडे बघितलं. मादाम निहालही बघत होती.  वाएल अरबीत एक शब्द बोलला असता तरी पोरगी खरी ठरली असती.

त्याने भुवया उंचावल्या, तो हसला आणि म्हणाला, “सॉरी?”

“बघ,” आई म्हणाली. “माफी माग सरांची.”

 त्याने शिकवलं होतं तसं, अगदी शुद्ध इंग्रजीत लमारने माफी मागितली आणि वर्गात जाऊन बसली.